बाबांच्या फाइलीतला जोडफोटो

बाबा एका मंगळवारी सकाळी गेले, चहा गाळून होईपर्यंत. घरात, नात्यात आणि आमच्या गल्लीत ते त्याच दिवशी गेले. पेन्शन ऑफिसात मात्र त्यांना जायला पुढे साडेतीन महिने लागले, आणि तिथून त्यांना रीतसर निरोप देण्याची जबाबदारी त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणून माझ्यावर येऊन पडली. त्या साडेतीन महिन्यांत मी एक पेन्शन सुरू करायला गेलो आणि दोन बंद पाडून आलो. हे सगळं मी एकट्याने केलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांचा त्यात मोठा वाटा आहे.

ज्यांच्या घरी अजून ही वेळ आली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेन्शनवाला माणूस गेला की पेन्शन त्याच्याबरोबर जात नाही. ती अंग चोरून निम्मी होते आणि त्याच्या बायकोकडे येते. तिला फॅमिली पेन्शन म्हणतात. हे आपोआप होतं असं नियमात लिहिलेलं आहे. आपोआप म्हणजे मृत्यूचा दाखला, बँकेचं पुस्तक, तीन नमुने, सहा झेरॉक्स आणि स्वतः विधवा, एवढं सगळं घेऊन चार नंबरच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहायचं.

आईला ती पेन्शन हवी होती. घरात कशाची ददात नव्हती. माझा पगार आहे, बायकोची शाळेतली नोकरी आहे, आणि तुला इथे काय कमी आहे असं मी आईला दोनदा म्हणूनही पाहिलं. दोन्ही वेळा तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की तिसऱ्यांदा म्हणालो नाही. बाबा दर महिन्याला बँकेतून आले की तिच्या हातात एक पाकीट ठेवायचे, आणि त्याचं तिने काय केलं हे कधीच विचारायचे नाहीत. "मला मुलाकडे हात पसरायची सवय नाही," ती म्हणाली, "आणि या वयात लावून घ्यायची नाही." तेव्हा मी रजा टाकली.

कागदपत्रांची मला काळजी नव्हती, कारण कागदपत्रं बाबांची होती. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि केसभर फरक असला तरी ते तराजू नापास करत. घरातही तोच खाक्या. मी चौथीत असताना आजारपणाच्या रजेचा अर्ज त्यांनी मला पुन्हा लिहायला लावला होता, कारण मी 'ताप' लिहिलं होतं आणि थर्मामीटर साडेनव्व्याण्णव दाखवत होता. ताप खोडून 'कणकण' लिहिल्यावरच सही मिळाली. अशा माणसाच्या फाइलीत चूक असेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्यालाच थर्मामीटर लावला असता.

चार नंबरच्या खिडकीमागे एक गृहस्थ बसत. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे त्यांना चार नंबरच म्हणत, आणि तेही ओ देत. आवाज न चढवता, मान वर न करता ते समोरच्या माणसाला लहान करून ठेवत. त्यांनी आमचे कागद एकेक करून पालथे घातले, बाबांची फाइल मागवली, तिची नाडी सोडली, पहिल्या पानावर डकवलेला फोटो पाहिला, आईकडे पाहिलं आणि पुन्हा फोटो पाहिला. आईने मदत म्हणून चष्मा काढला. त्यानेही काम भागेना.

ह्या कोण, असं त्यांनी मला विचारलं. माझी आई, म्हणजे त्यांची पत्नी, असं मी सांगितलं.

"फोटोत ह्या नाहीत," चार नंबर म्हणाले आणि त्यांनी फाइल आमच्याकडे फिरवली.

निवृत्तीच्या वेळी नवरा-बायकोचा एकत्र फोटो द्यावा लागतो. त्याला तिथे जोडफोटो म्हणतात, आणि पुढे पेन्शन कुणाकडे जायची ते त्यावरून ठरतं. बाबांच्या जोडफोटोत बाबा होते. तपासायला आलेल्या तराजूकडे पाहावं तसे ते कॅमेऱ्याकडे पाहत होते. आणि त्यांच्या शेजारी, आईची जांभळी शाल पांघरून, माझी सख्खी आत्या बसली होती. खाली 'निवृत्तिवेतनधारक व त्यांची पत्नी' असं लिहून त्यावर साहेबांचा सहीशिक्का होता.

"ही माझी आत्या आहे," मी म्हणालो. मला वाटतं मी ते जरा मोठ्यांदा म्हणालो, कारण मागची रांग पुढे सरकली आणि ज्यांचं काम दोन नंबरला होतं तेही आमच्याकडे आले. आईने फोटो पुष्कळ वेळ पाहिला आणि मग चार नंबरना एवढंच सांगितलं की शाल माझी आहे. चार नंबर म्हणाले, शाल चालत नाही, चेहरा लागतो.

घरी आल्यावर मी आईला विचारलं तेव्हा म्हणाली, दाढ काढली होती, गाल सुजला होता म्हणून मी गेले नव्हते, पुढचं मला काही माहीत नाही, तुझ्या आत्याला विचार. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, पण जेवता जेवता म्हणाली, "अठरा वर्षं कागदावर मी त्यांची कुणीच नव्हते." बाबांचा मला पहिल्यांदाच राग आला. मेलेल्या माणसाचा राग येण्यात अडचण अशी की तो कुणावर काढायचा ते ठरत नाही. मी तो आत्यावर काढला.

आत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहते. ती बाबांची धाकटी बहीण. तिचे यजमान पाटबंधारे खात्यात होते, ते तेवीस वर्षांपूर्वी गेले, आणि त्यांच्या फॅमिली पेन्शनवर तिचं भाडं, औषधं आणि स्वाभिमान ही तिन्ही खाती चालतात. फोनवर ती म्हणाली, दादाने सांगितलं ऑफिसचं काम आहे, वहिनीला बरं नाही, तू चल, म्हणून मी गेले. दादाला उलट प्रश्न विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मग तू बायकोची भूमिका केलीस आणि तुलाच माहीत नाही हे कसं, असं काहीबाही मी बोललो, आणि तिने फोन ठेवला.

इथे वरच्या मजल्यावरचे काका आले. काका निवृत्त झाले तेव्हापासून आमच्या इमारतीत कुणालाही एकट्याने संकटात पडता आलेलं नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला सल्ला दिला तो असा की, आत्यालाच पाठव. कागदावर बायको तयार आहे, नवी कशाला उभी करायची? आत्या सही करेल, पेन्शन घेईल, आईला आणून देईल. मी संतापलो. हा गुन्हा आहे, असं मी त्यांना सुनावलं. पण खरं सांगायचं तर ते गेल्यावर मी पाव तास त्यावर विचार केला, आणि आईने चहाचा कप आणून पुढे ठेवला तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

काकांचा दुसरा सल्ला सभ्य होता, आणि त्यानेच घात केला. ते म्हणाले, फोटोतली बाई बायको नसून बहीण आहे, एवढंच सिद्ध करायचंय ना? तुझ्या आत्याची पेन्शन त्याच ऑफिसातून येते. तिचं पेन्शनचं पुस्तक ने, त्यावर तिचा फोटो आहे, त्यावर तिच्या नवऱ्याचं नाव आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेव. विषय संपला. मला हे इतकं पटलं की ही कल्पना माझीच आहे असं मी बायकोला सांगितलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "जरा जपून, त्यांनी दोन्ही फोटो खरंच शेजारी ठेवले तर?" तिच्या बोलण्यात काय अर्थ होता ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मी आत्याची माफी मागितली, तिला रिक्षाने नेलं आणि आणलं, म्हणजे आणलं त्याच रिक्षाने पण फार वेगळ्या मनःस्थितीत. चार नंबरनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. भिंग काढलं. आत्याला मान डावीकडे वळवायला सांगितली. मग म्हणाले, बरोबर, एकच बाई आहे. मी विजयाने मागच्या रांगेकडे पाहिलं.

"बाईंची फॅमिली पेन्शन तेवीस वर्षं चालू आहे," चार नंबर सांगू लागले. "हा फोटो अठरा वर्षांपूर्वीचा. त्याखाली पत्नी लिहिलंय, वर साहेबांची सही आहे. विधवेने पुन्हा लग्न केलं की फॅमिली पेन्शन बंद होते. बाईंनी लग्न केलं आणि ऑफिसला कळवलं नाही."

"सख्ख्या भावाशी?" मी विचारलं.

"सख्खा भाऊ हे तुम्ही म्हणताय," चार नंबर म्हणाले. "फाइल तसं म्हणत नाही."

आत्याने खिडकीची कड धरली आणि कुणीतरी पाणी द्या म्हणाली. चार नंबरनीच स्वतःची बाटली दिली, आणि ती पाणी पीत होती तेवढ्यात तिच्या पुस्तकावर 'चौकशीअंती' असं लिहून ते आत ठेवून घेतलं.

आठवडाभरात दोघींना एकेक पत्र आलं. दोन्ही पत्रांत मजकूर एकच होता, नुसती नावं बदलली होती. येत्या एकवीस तारखेला अधिकारी मॅडमसमोर सुनावणी. समाधानकारक खुलासा न झाल्यास मूळ अर्जदार बाईंची पेन्शन नामंजूर होईल, दुसऱ्या बाईंची कायमची बंद होईल, अठरा वर्षांत दिलेली रक्कम त्यांच्याकडून वसूल करण्यात येईल आणि प्रकरण पोलिसांकडे जाईल. मी ते पत्र तीनदा वाचलं. पोलिसांपर्यंतचा मजकूर तिन्ही वेळा जागच्या जागी होता.

त्याच संध्याकाळी आत्या एक ट्रंक आणि औषधांची पिशवी घेऊन आमच्याकडे आली. पेन्शन सुरू होईपर्यंत भाड्याच्या खोलीत राहायचं बळ आपल्यात नाही, आणि ज्यांनी बंद पाडली त्यांनीच सांभाळावं, असं तिने दारातच सांगितलं. तिच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मी ट्रंक उचलली. ती माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ जड निघाली, म्हणजे मुक्काम लांबण्याची तिने तयारी ठेवली होती.

आमचं घर तीन खोल्यांचं. त्यात आई आणि आत्या पंधरा दिवस एकमेकींशी न बोलता राहिल्या. मीठ हवं असलं तर आत्या मला सांगायची, मी आईला सांगायचो, आणि आई ते बायकोला द्यायला सांगायची; तोवर आत्याचं जेवण अळणीच संपलेलं असायचं. आईचं म्हणणं, वन्संनी मला एका शब्दाने सांगायला हवं होतं. आत्याचं म्हणणं, दादाने काय केलं ते वहिनीला ठाऊक नाही असं होईलच कसं. दोघीही हे मला सांगत, एकीने बाल्कनीत आणि दुसरीने स्वयंपाकघरात गाठून. ऑफिसात माझ्या हातून दोन पत्रं चुकीच्या पत्त्यावर गेली. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, आत्याने बाबांशी लग्न केल्याचा वहीम आहे. त्यांनी मला लवकर घरी जायला सांगितलं.

फोटोवर ज्यांनी सही केली होती ते बाबांचे जुने साहेब अजून हयात होते. काकांच्या मते तेच खरे साक्षीदार. त्यांनी समोर येऊन सांगावं की फोटो काढला तेव्हा हे मला माहीत होतं, म्हणजे सुटलो. मी त्यांच्या घरी गेलो. दाराची साखळी न काढता त्यांनी माझं सगळं ऐकलं. मग फटीतून म्हणाले की खोट्या फोटोवर सही केली असं मी कबूल केलं तर माझी पेन्शन जाईल. मी म्हटलं, साहेब, दोन म्हाताऱ्या बायकांच्या पोटाचा प्रश्न आहे. त्यावर ते म्हणाले की मुळात मी कधी साहेब नव्हतोच, आणि दार लावून घेतलं. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव, हुद्दा आणि 'निवृत्त' हे सगळं पितळी अक्षरांत होतं.

या सगळ्यात आईचं वागणं मला कळेना. ती अधूनमधून माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहायची, काहीतरी बोलणार असं वाटायचं, आणि मग कपाटात घडी घालून ठेवलेला टॉवेल काढून पुन्हा घडी घालायला न्यायची. बायकोच्या ते आधी लक्षात आलं होतं. आईंना काहीतरी सांगायचंय, ती म्हणाली, पण तुम्हाला नाही. मी दुखावलो. मग कुणाला सांगायचंय, असं विचारलं तर तिलाही ते सांगता येईना.

एकवीस तारखेला आम्ही तिघं मॅडमसमोर हजर झालो. मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होत्या आणि अतिशय सौजन्याने बोलत होत्या, त्यामुळे मला जास्तच घाम फुटला. दोघींना खुर्च्या दिल्या. मी मागे उभा राहिलो. चार नंबर फाइल छातीशी धरून कोपऱ्यात उभे होते. खिडकीबाहेर ते मला बरेच बुटके वाटले. मॅडम म्हणाल्या, माझ्यापुढे दोन बाया आहेत आणि एक फोटो आहे, मला खात्री करून घ्यावी लागेल. काही साधे प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न आईला. मयताची जन्मतारीख?

आईने छताकडे पाहिलं. थंडीतली असावी, असं म्हणाली.

"तेरा जुलै," आत्या म्हणाली.

आत्याचा दोष नव्हता. उत्तर माहीत असताना गप्प बसणं तिला लहानपणापासून जमलेलं नाही. मी तिच्या खुर्चीला मागून गुडघा लावला, पण तोवर दुसरा प्रश्न आला होता. रक्तगट आईला माहीत नव्हता, आत्याला होता. नोकरीला कोणत्या साली लागले ते आईने चार वर्षांनी चुकवलं. आत्याने महिनाही सांगितला. अंगावरची खूण विचारली तेव्हा आई म्हणाली, असेल कुठेतरी, आणि आत्याने तीळ डाव्या खांद्याच्या मागे आहे हे हाताने दाखवलं. मॅडम प्रत्येक उत्तर लिहून घेत होत्या. त्यांच्या पेनाचा आवाज मला ऐकू येत होता.

"एवढी वर्षं संसार केलात," मॅडम आईला म्हणाल्या, "आणि जन्मतारीखही माहीत नाही?"

"संसारात जन्मतारीख लागत नाही," आई म्हणाली.

मॅडमनी लिहिलेलं सगळं वाचून पाहिलं. मग दुःखी चेहऱ्याने सांगितलं की फोटो एक सांगतो, उत्तरंही तेच सांगतात, आणि माझ्या हातात आता फारसं काही उरलेलं नाही; मला प्रकरण पुढे पाठवावं लागेल. त्यांनी एक छापील कागद पुढे ओढला. आत्या आवाज न करता रडू लागली. खोलीचं भाडं पाच तारखेला द्यायचंय, एवढंच ती म्हणाली, तेही कुणाला उद्देशून नव्हे. या बाईला रिक्षात घालून इथे मीच आणलं होतं.

"थांबा," आई म्हणाली. "वन्संना यात ओढू नका. मीच सांगितलं होतं."

मॅडमचं पेन थांबलं.

"गाल सुजला होता माझा. हे तीन दिवस म्हणत होते, चल, फोटोची मुदत टळेल. मी म्हटलं, असल्या तोंडाने सरकारी कागदावर जन्मभर बसायला मी येणार नाही. चौथ्या दिवशी पुन्हा म्हणाले. शेवटचा दिवस होता. मग मी चिडले. म्हटलं, फोटोच हवाय ना, न्या तुमच्या बहिणीला. शाल पण मीच ह्यांच्या अंगावर फेकली. मला वाटलं नव्हतं खरंच नेतील." तिने चष्मा काढून पुसला. "खिडकीवर फोटो बघितला तेव्हाच सगळं लक्षात आलं. पण मुलासमोर कसं सांगायचं?"

मॅडम म्हणाल्या, हे खरं असेलही, पण आज सुचलेलं आहे असंही कुणी म्हणेल. याला पुरावा काय?

"पुरावा फाइलीत आहे," आई म्हणाली.

कोपऱ्यातून चार नंबर म्हणाले की फाइल मी पाहिली आहे.

"तुम्ही पहिलं पान पाहिलंत." आई आता त्यांच्याकडे वळली होती, आणि तिचा हा आवाज मला ओळखीचा होता, बाबांच्याही ओळखीचा होता. "ह्यांची जन्मतारीख मला माहीत नाही. पण हा माणूस लिहून दिल्याशिवाय असलं काही करणार नाही. मुलाच्या कणकणीचा ताप होऊ देत नव्हते, ते बहिणीची बायको होऊ देतील? खाली बघा. कुठेतरी अर्ज असेल."

चार नंबरनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. मग त्यांनी फाइल टेबलावर उघडली आणि एकेक पान उलटायला सुरुवात केली. सेवापुस्तकाच्या नकला, रजेचे हिशेब, भविष्य निर्वाह निधी. शेवटचं पान आलं. त्यानंतर फाइलीचा पुठ्ठा. चार नंबर थांबले, पुठ्ठ्यावर अंगठा फिरवला, आणि नखाने एक कोपरा उचलला. गोंदाने पुठ्ठ्याला चिकटून बसलेला एक कागद होता. तो त्यांनी इतक्या जपून सोडवला की मला त्या माणसाबद्दल आयुष्यात प्रथमच आदर वाटला.

अक्षर बाबांचं होतं. मॅडमनी मोठ्याने वाचलं. "विषय: जोडफोटोबाबत. महोदय, माझ्या पत्नीची दाढ काढल्याने तिच्या डाव्या गालास सूज असून सदर स्थितीत फोटो देण्यास तिने स्पष्ट नकार दिला आहे. मुदत टळू नये म्हणून, तिच्याच सूचनेवरून, तूर्त माझ्या सख्ख्या बहिणीसह फोटो सादर करीत आहे. फोटोखालील 'पत्नी' हा छापील शब्द तोपर्यंत लागू समजू नये. बहिणीस याबाबत जबाबदार धरू नये. सूज उतरताच पत्नीसह नवा फोटो सादर करीन." कोपऱ्यात तांबड्या शाईने शेरा होता: 'पाहिले. सोबत ठेवावे.' त्याखाली त्याच साहेबांची सही होती जे कधी साहेब नव्हतेच.

आत्याने डोळे पुसले आणि आईकडे वळून म्हणाली, "वहिनी, मला अठरा वर्षं वाटत होतं शाल तू मायेने दिलीस."

"परत तरी कुठे मागितली?" आई म्हणाली. पंधरा दिवसांत ती आत्याशी बोललेली ही पहिली गोष्ट.

मॅडमनी तो छापील कागद बाजूला सारला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो बहुधा त्यांच्या नियमात नव्हता. सूज तर उतरली असेल, मग नवा फोटो का नाही दिला?

"चार दिवसांत उतरली," आई म्हणाली. "हे दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला इथे यायचे ना, तेव्हा निघताना विचारायचे. येतेस का, तेवढा फोटो बदलून टाकू. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ." तिने पदर सारखा केला. "दरवर्षी विचारायचे."

मला बाबांचा आलेला सगळा राग तिथे उतरला, आणि तो कुणावर काढायचा हा प्रश्नही सुटला. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत राहिलो. वजनमापे निरीक्षकाच्या मुलाने सरकारी कार्यालयात रडू नये एवढी अक्कल मला आहे.

मॅडमनी दोन ओळी लिहिल्या. आत्याचं पुस्तक तिथल्या तिथे परत मिळालं. आईची पेन्शन मंजूर. फक्त फाइलीत तिचा एकटीचा फोटो लागेल, आज दिला तर आजच. जोडफोटो आता कसा मिळणार, असं मॅडमच म्हणाल्या आणि त्यांनी लगेच पेनाला टोपण लावलं.

ऑफिसच्या समोरच फोटोचं दुकान होतं. तिथे पडद्यापुढे एक बाक होता, दोन माणसं आरामात बसतील एवढा. आई जाऊन त्याच्या डाव्या टोकाला बसली. फोटोवाला म्हणाला, आजी, जरा मध्ये सरका. आई हलली नाही. तो पुन्हा म्हणाला, इकडे बरीच जागा रिकामी दिसतेय. मी तिला सांगायला पुढे झालो तर आत्याने माझी बाही धरली. "काढ तसाच," ती फोटोवाल्याला म्हणाली.

फोटो घेऊन आम्ही चार नंबरच्या खिडकीशी गेलो तेव्हा बंद व्हायला दहा मिनिटं होती. त्यांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. चेहरा मध्यभागी नाही, ते म्हणाले. मी बोलायला तोंड उघडलं. पण त्यांनी बाबांचा अर्ज असलेल्या पानासमोर तो फोटो ठेवला, मागे गोंद लावला आणि अंगठ्याने चारही कोपरे दाबून बसवले.

"शिक्क्याला जागा मात्र चांगली ठेवलीय," चार नंबर म्हणाले. "बहुतेक लोक ठेवत नाहीत. मग शिक्का तोंडावर येतो."

त्यांनी शिक्का शाईवर दाबला आणि आईच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर उचलून धरला.

"जरा हळू मारा," आई म्हणाली.